वाण कोणासाठी, जमीन कोणाची?

उन्हाळ्यात उजनीचे पाणी उतरू लागले की इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथे पळसनाथाच्या मंदिराचे शिखर प्रथम दिसू लागते. मग मंडप, मग जुन्या गावातील भिंतींची जोती. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा उपयुक्त साठा संपून पातळी उण्यात गेली तेव्हाही तसेच झाले. छायाचित्रे निघाली, शिल्पाचे कौतुक झाले, हौशी प्रवाशांच्या नावा लागल्या. मंदिराभोवती जी काळी जमीन उघडी पडली होती, तिच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. भीमेच्या काठची ही भारी जमीन पिढ्यान् पिढ्या रब्बी ज्वारीची जमीन होती. उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू होऊन १९८० मध्ये पुरे झाले. गाव उठून पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला आले. नदीकाठची माती पाण्याखाली गेली आणि वरची हलकी, मुरमाड रान तेवढी उरली. जलाशयाच्या कडेने ज्यांना उपसा करण्याची ऐपत होती त्यांच्या शेतात ऊस आला. ज्यांना नव्हती ते आजही पावसाकडे डोळे लावून आहेत. हा पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही बेभरवशाचा.

अशा कोरडवाहू रानांसाठी गेल्या काही वर्षांत देशात एका जुन्याच वनस्पतीचे नाव नव्या उत्साहाने घेतले जात आहे. ती वनस्पती म्हणजे भांग. अर्थात नशेची नव्हे. धाग्यासाठी आणि बियांसाठी लावायची, जिला ‘औद्योगिक भांग’ असे सभ्य नाव देण्यात आले आहे. २०१८ साली उत्तराखंडाने देशात प्रथम अशा लागवडीचा परवाना दिला. २०२१ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली. कापड, दोर, कागद, बांधकामाच्या विटा, तेल अशी तिच्या उपयोगांची यादी वाचली की दुष्काळाला आता दिवस उरले नाहीत असेच वाटावे. पीक कमी पाण्यावर येते, चार महिन्यांत येते, जमिनीला जड जात नाही, असे सांगितले जाते. यातील काही खरेही आहे. परंतु या सगळ्या स्तुतिपाठात एक साधा प्रश्न हरवलेला असतो, आणि तो प्रश्न शेतकऱ्याच्या घरातील कोणतीही म्हातारी प्रथम विचारील: बी कुठले?

हा प्रश्न साधा असला तरी वरवरचा नाही. भांग दिनमानाच्या तालावर वाढणारी वनस्पती आहे. दिवस मोठा असेतो ती उंच वाढत राहते. दिवस लहान होऊ लागला की वाढ थांबवून फुलावर येते. फ्रान्स, पोलंड, हंगेरी या देशांत पिकांच्या पैदासकारांनी धाग्याचे जे उत्तम वाण तयार केले, ते पंधरा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांत वाढण्यासाठी तयार केलेले आहेत. पळसदेव सुमारे अठरा अक्षांशावर आहे. येथील वर्षातला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडाच वर जातो. त्या थंड देशांतले बी मृगाच्या पावसावर येथे पेरले तर रोप उगवताच त्याला श्रावण संपल्याचा भास व्हावा तशी गत होईल. ते गुडघा-मांडीइतके वाढून फुलेल आणि धागा काढण्याजोगा दांडा हाती लागणार नाही. परदेशी बियाण्याची पिशवी कितीही चकचकीत असली तरी सूर्याची वेळ बदलून देण्याची हमी तिच्यावर छापता येत नाही.

मग देशी भांग घ्यावी, असे कोणी म्हणेल. दख्खनला ही वनस्पती नवीन नाही. १८९३-९४ च्या सरकारी भांग आयोगाच्या काळात मुंबई इलाख्यात गांजाची जी लागवड होई, तिचे मुख्य ठाणे शेजारचा अहमदनगर जिल्हा होता. म्हणजे येथल्या सूर्याला आणि मातीला सरावलेली भांग या भागात होती. परंतु ती राळेसाठी राखलेली, म्हणजे नेमकी नशेसाठी निवडलेली भांग होती. गांजाच्या मळ्यात नर झाडे ओळखून वेळेवर उपटून टाकण्याचे जे कसब लागे, ते निवडीचेच कसब होते. फक्त त्या निवडीची दिशा वेगळी होती. धाग्याची देशी परंपरा आहे ती कुमाऊं-गढवालच्या डोंगरात, आणि तेथील झाडातही नशेचे द्रव्य कायद्याच्या मर्यादेपेक्षा बहुधा जास्तच भरते. उत्तराखंडाने ही मर्यादा ०.३ टक्के ठरवली. टीएचसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याची हीच मर्यादा अमेरिकेने आणि नंतर युरोपनेही धरलेली आहे.

थोडक्यात, ज्या बियाण्यात नशा नाही त्याला येथील दिवस मानवत नाही, आणि ज्याला येथील दिवस मानवतो त्यात नशा आहे. या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच: येथल्याच मातीत, येथल्याच दिवसमानात, पिढीमागून पिढी निवड करून तिसरे वाण घडवणे. हे अशक्य आहे असे नव्हे. चीनच्या युन्नान प्रांतात, जेथील अक्षांश पंचवीसच्या आसपास आहे, तेथील स्थानिक भांगेतून कमी नशेचे वाण निवडून काढण्यात आले. परंतु असे काम कसे होते, त्याला किती वेळ लागतो आणि ते कोणी करायचे असते, हे समजण्यासाठी युन्नानला जाण्याचे कारण नाही. पळसदेवहून सोलापूरच्या दिशेने भीमा ओलांडून पुढे गेले की त्याच रस्त्यावर मोहोळ लागते.

मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात जे घडले त्याची कथा फार कोणी सांगत नाही, कारण तीत चमत्कार नाही. सोलापूर, इंदापूर, मंगळवेढा या पट्ट्यात शेतकरी जी मालदांडी ज्वारी पेरीत असत, ती एकसारखी नव्हती. कुठले कणीस भरदार, कुठले विरळ. एखादे ताट कोवळेपणीच माशीने मारलेले, तर शेजारचे तग धरून उभे. केंद्रातील माणसांनी या सरमिसळीतून चांगली कणसे निवडली, एकेका कणसाचे दाणे वेगवेगळ्या ओळीत पेरले, ओळींची तुलना केली, नापसंत ओळी टाकून दिल्या आणि राहिलेल्यांतून पुन्हा निवड केली. ज्वारीचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून एका कणसाची संतती बरीचशी एकजिनसी राहते; याच स्वभावाचा या पद्धतीने फायदा घेतला. अशा निवडीतून जो वंश उतरला तो म्हणजे मालदांडी ३५-१.

हे वाण कशासाठी निवडले गेले हे नीट पाहण्यासारखे आहे. रब्बी ज्वारी पावसाच्या पिकासारखी पावसात वाढत नाही. पावसाळाभर जमीन वखराच्या पाळ्या घालून राखायची, ओल मुरवायची आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायचे. त्यानंतर बहुधा पाऊस नाही. काळ्या जमिनीत साठलेली ओल दिवसेंदिवस खाली उतरत जाते आणि मुळे तिचा पाठलाग करीत जातात. थंडीत दाणा भरायचा आणि ओल संपण्यापूर्वी पीक हाती यायचे, अशी ही शर्यत असते. पेरणीची वेळ साधली नाही तर खोडमाशी पोंगा मारते. ओल लवकर संपली तर खडखड्या रोगाने ताटे आतून पोकळ होऊन आडवी पडतात. मालदांडी या सगळ्यांतून बऱ्यापैकी निभावून जाते. तिचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा; भाकरी गोड आणि दुसऱ्या दिवशीही मऊ; आणि कडबा असा की बैल तो शेवटच्या पेरापर्यंत खातो. ज्याला कोरडवाहू माणसाच्या घरचा हिशेब माहीत नाही त्याला वाटते की ज्वारीचे पीक म्हणजे धान्याचे पोते. दुष्काळी वर्षात दाणा कमी आला तरी कडबा हाती आला तर दावणीची जनावरे वाचतात, आणि जनावरे वाचली तर पुढच्या वर्षीची पेरणी वाचते.

स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनकारांनी हा हिशेब बाजूला ठेवला. १९६४ साली देशातील ज्वारीचे पहिले संकरित वाण, सीएसएच-१, आले. खरिपात त्याने उत्पादन वाढवले, यात शंका नाही, आणि ज्या देशाला परदेशी धान्याच्या जहाजांची वाट पाहावी लागत होती त्या देशात त्याचे स्वागत झाले तर नवल नव्हते. परंतु दाणा भरण्याच्या वेळी पाऊस लागला की ही ज्वारी काळी पडे. ‘हायब्रीडची भाकरी’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत कौतुकाने केला जात नसे. त्यानंतर रब्बीसाठीही संकरित वाणे काढण्यात आली. प्रयोगाच्या क्षेत्रावर ती मालदांडीच्या पुढे गेली. भीमेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याने मात्र ती मनावर घेतली नाही. त्याला अडाणी, परंपराप्रिय, नव्याला भिणारा ठरवून तज्ज्ञ मोकळे झाले. वस्तुतः तुलना ज्या तराजूत झाली होती त्यात कडबा धरलाच नव्हता, भाकरी धरली नव्हती आणि दरवर्षी बी विकत घेण्याचा खर्चही धरला नव्हता. शेतकऱ्याने आपल्या तराजूत तोलले आणि निकाल दिला. तो निकाल अजून उलटलेला नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. जे वाण १९३० च्या दशकात निवडले गेले, तेच ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही रब्बी ज्वारीचे सर्वांत ओळखीचे वाण असावे, ही मोहोळच्या त्या कामाची थोरवी आहे आणि नंतरच्या सर्व काळावरचा ठपकाही आहे. याच तालुक्यांतील दुसऱ्या पिकाकडे पाहिले म्हणजे हा ठपका किती गंभीर आहे ते कळते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापुरात १८८० च्या दशकात आले. त्या पाण्यावर प्रथम पुंड्या ऊस होता. १९१२ साली कोइमतूर येथे केवळ उसाच्या पैदाशीसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, कारण दक्षिणेच्या त्या हवेत उसाला तुरा येऊन बी धरते. १९३२ साली खास दख्खनच्या कालव्यांसाठी पाडेगावचे केंद्र सुरू झाले. तेथे कोइमतूरहून संकराचे बी येते, रोपे होतात, निवड होते. को ४१९ आले, को ७४० आले, १९९६ साली को ८६०३२ आले आणि त्याचे नाव नीरा ठेवले गेले. एक वाण थकू लागले की दुसरे तयार. उसाच्या वाणाची परीक्षा एकरी टनाची, साखरेच्या उताऱ्याची आणि गाळपाच्या हंगामाशी जुळण्याची. कारखान्याच्या वजनकाट्यावर या वाणाचे भाग्य ठरते.

म्हणजे स्थानिक परिस्थितीला अनुरूप वाण काढणे या देशाला जमत नाही असे मुळीच नाही. ते उत्तम जमते. प्रश्न असा की परिस्थिती कोणाची? उसाच्या बाबतीत कालवा, कारखाना आणि सहकारी पतपुरवठा ही परिस्थिती मानली गेली आणि वाण त्यांच्यासाठी घडवले गेले. ज्वारीच्या बाबतीत उतरती ओल, लहान खातेदार आणि दावणीची जनावरे ही परिस्थिती होती. तिच्यासाठी एकदा निवड झाली आणि मग बराच काळ शासनाचे लक्ष दुसरीकडे गेले. माती आणि पाऊस जितके स्थानिक असतात तितकेच मालकी आणि कर्जही स्थानिक असतात. कृषिशास्त्राच्या पुस्तकांतून हे शेवटचे दोन घटक वगळलेले असतात, एवढेच.

अलीकडे या बाबतीत काही सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. मालदांडी भारी जमिनीची लेक आहे. मुरमाड माळावर तिचा निभाव लागत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणे वेगळी केली: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, फुले माऊली, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले यशोदा, फुले वसुधा. हे वर्गीकरण दिसायला तांत्रिक आहे, पण त्यात मोठा सामाजिक आशय दडलेला आहे. गावातली हलकी जमीन कोणाकडे असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हलक्या जमिनीसाठी स्वतंत्र वाण निघणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. नदीकाठची भारी रान धरणाने घेतल्यावर पळसदेवसारख्या गावात तर ते अधिकच खरे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तोही चांगलाच झाला. मात्र त्या नाममुद्रेचा दर पेठेत वाढतो की शेतात, हे पाहावे लागेल.

धाग्याच्या पिकाचा विचार करताना आणखी एक आठवण ठेवावी लागेल, कारण दख्खनला स्वतःचा धागा होता. तो भांगेचा नव्हे, अंबाडीचा. इंग्रज व्यापारी तिला दख्खनची भांग म्हणत. हिमालयातल्या भांगेशी तिचे काही नाते नाही, ती भेंडीच्या कुळातली. बाजरीच्या पाटात किंवा शेताच्या कडेने तिची तासे असत. कोवळ्या पाल्याची भाजी, बियांचे तेल आणि दांडे पाण्यात कुजवून निघणारा वाख. त्या वाखाचे कासरे, सोल, चऱ्हाटे, शिंकी मातंगांनी वळायची आणि बलुत्यात द्यायची, असा व्यवहार होता. त्या व्यवहारात न्याय होता असे कोणी म्हणू नये. खळ्यावर हात पसरून उभे राहण्याची ती पद्धत होती. पण हुन्नर त्यांचे होते आणि पीक गावाचे होते. अंबाडीच्या जातींचा शास्त्रीय अभ्यास अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने १९११ साली प्रसिद्ध केला. त्यांचे काम बिहारमधील पुसा येथे चाले. पुढे १९४७ च्या फाळणीत तागाची बरीच जमीन पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या कलकत्त्यात राहिल्या, तेव्हा अंबाडीच्या वर्गातील पिकांकडे पुन्हा लक्ष गेले; पण ते गिरण्यांना कच्चा माल हवा म्हणून. बाजरीच्या पाटात, अपुऱ्या पावसात, दोर वळणाऱ्याच्या हाताला साजेल असा वाख देणारी अंबाडी निवडावी, असे कोणत्याही योजनेच्या उद्दिष्टांत आले नाही. मग नायलॉनचा दोर आला. अंबाडी भाजीपुरती उरली, आणि दोर वळणारे हात रोजगार हमीच्या कामावर आणि शहरांच्या झोपडपट्ट्यांत गेले.

भांगेची नवी गोष्ट या जुन्या गोष्टीहून वेगळी होणार असेल तर काही अडचणी उघडपणे मांडल्या पाहिजेत. पहिली वनस्पतीच्या स्वभावातली आहे. ज्वारी स्वतःत फळते. भांग तशी नाही. तिची नर झाडे वेगळी, मादी झाडे वेगळी, आणि पराग वाऱ्यावर कोसच्या कोस जातो. एका कणसाची ओळ धरून शुद्ध वंश काढण्याची मोहोळची रीत येथे जशीच्या तशी चालत नाही. जर्मनीत गुस्टाफ ब्रेडेमान या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर मोठी चिकाटीची युक्ती काढली. फुलण्यापूर्वी उभ्या नर झाडाचा दांडा उभा चिरायचा, अर्ध्या भागातील धागा मोजायचा, उरलेले अर्धे झाड जगू द्यायचे. ज्यांच्यात धागा भरपूर निघाला तेवढेच नर फुलू द्यायचे आणि बाकीचे उपटायचे. अशा निवडीने दांड्यातील धाग्याचे प्रमाण काही पिढ्यांत कितीतरी पटीने वाढले. टीएचसीसाठी निवड करायची तर झाडागणिक प्रयोगशाळेत तपासणी हवी. शिवाय वाण एकदा तयार झाले म्हणजे काम संपले असेही नाही. भोवताली कुठे नशेची भांग असली तर तिचा पराग येऊन काही वर्षांत सगळी मेहनत पाण्यात जाईल. बी शुद्ध राखण्याचे काम दरवर्षीचे आहे.

दुसरी अडचण कायद्याची आहे, आणि खरी मेख तिच्यातच आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या चौदाव्या कलमान्वये धागा व बी यांसाठी भांगेच्या लागवडीला शासन परवानगी देऊ शकते. परवानगीवाचून लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मालदांडी घडली ती आधी शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी, आणि विशेषतः घरातील बायकांनी, खळ्यावरून चांगली कणसे बाजूला काढून बियाण्यासाठी राखली म्हणून. मोहोळच्या केंद्राने त्या साठ्यावर शेवटचा हात फिरवला. भांगेच्या बाबतीत ही पायरीच बेकायदा आहे. आपल्या रानातली चार चांगली झाडे राखून त्यांचे बी पुढच्या वर्षी पेरणारा शेतकरी तेथे पैदासकार ठरत नाही, आरोपी ठरतो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा जो हक्क दिला, तो या पिकाच्या दाराशी येऊन थबकतो.

याचा परिणाम काय होईल? प्रमाणित बी एकाच ठिकाणी मिळेल, दरवर्षी विकत घ्यावे लागेल, आणि ते ज्याच्या हाती असेल तोच पिकाचा भावही ठरवील, कारण धागा काढण्याचा कारखानाही बहुधा त्याचाच असेल. बी चुकीचे निघाले आणि पिकात टीएचसी ०.३ च्या वर गेले तर उभे पीक नष्ट करावे लागते. अमेरिकेत अशी शेते नष्ट झाली आहेत. तेथील शेतकऱ्याजवळ विमा असतो, वकील असतो. पळसदेवच्या माळावरील दोन एकरवाल्याजवळ सोसायटीचे थकीत कर्ज असते. बियाण्यातील दोषाची शिक्षा पेरणाऱ्याला, हा न्याय कोणत्या परवान्याच्या अटीत बदलला जाणार आहे?

म्हणून भांगेच्या लागवडीस सरसकट विरोध करणे जितके उथळ, तितकेच परवाने वाटून ‘शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल’ म्हणून हात झटकणे बेजबाबदारपणाचे आहे. कायद्याने ज्या पिकाची निवड शेतकऱ्याच्या हातून काढून घेतली आहे, त्याची निवड करण्याचे ओझे शासनाने स्वतःच्या डोक्यावर घेतले पाहिजे. राहुरी, मोहोळ, सोलापूर या सार्वजनिक केंद्रांवर कुंपणाच्या आत, खुल्या नोंदींसह, दहा-बारा हंगाम हे काम चालवावे. ते झाल्यावाचून एक एकरही परवाना देऊ नये. वाण निघाले तर ते कोणा एकाच्या मक्तेदारीत जाऊ नये आणि त्याचा दोष शेतकऱ्याच्या माथी येऊ नये, हे आधी लिहून ठेवावे. आणि याच कुंपणाशेजारी दोन वाफे अंबाडीचे आणि तागाचे असावेत. तागाला, म्हणजे आपल्या बोरूला, तर परवाना लागत नाही. बागायतदार उसाआधी तो हिरवळीचे खत म्हणून गाडतो. या धाग्यांची निवड उद्यापासून सुरू करता येईल. तीत शेतकऱ्याला सहभागी करून घेण्यास कोणतेही कलम आड येत नाही. धाग्याचे पीक खरोखरच हवे असेल तर आरंभ येथून का होऊ नये? उत्तर बहुधा असे मिळेल की अंबाडीत गुंतवणूकदारांना रस नाही.

डाव्या आणि समाजवादी चळवळीनेही या बाबतीत आपले घर तपासून पाहणे बरे. कमाल जमीनधारणा, रास्त भाव, कर्जमुक्ती, समन्यायी पाणीवाटप यांसाठी मोर्चे निघाले, लोक तुरुंगात गेले. परंतु कोणत्या पिकाच्या पैदाशीवर किती पैसा खर्च व्हावा, प्रयोगक्षेत्रावर वाणाची परीक्षा कोणत्या निकषांवर व्हावी, कडबा मोजावा की नाही, ही मागणी कोणत्या मोर्चाच्या फलकावर होती? बियाणे हा तज्ज्ञांचा प्रांत असे आपणही मानले. कारखानदारीने असे मानले नाही. म्हणूनच तिला तिचे वाण वेळच्या वेळी मिळत गेले.

रब्बी ज्वारीचे क्षेत्र घटत आहे त्याचे एक कारण काढणीची मजुरी हे आहे. ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची, हे कष्ट बहुतांशी बायकांच्या वाट्याचे, आणि ते करायला आता कोणी राजी नाही. त्यात त्यांचे काही चुकते असे म्हणता येणार नाही. यंत्राने काढता येईल, पण कडबा वाया जाणार नाही अशी ताटाची उंची आणि ताठपणा असलेले वाण ही आजची स्थानिक परिस्थिती आहे. १९३० च्या दशकातली नव्हे. भांगेच्या विटांवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी तिकडेही थोडे पाहावे.

आणि पळसदेवची आणखी एक परिस्थिती आहे, जी धरणापूर्वी अस्तित्वातच नव्हती. पाणी मागे सरकते तेव्हा जलाशयाच्या काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. तेथे गाळपेर होते: वर भेगाळलेली, आत ओली, पातळीबरोबर दरवर्षी पुढे-मागे होणारी जमीन, पेरणीची वेळ पावसावर नव्हे, तर खाली सोलापूरसाठी पाणी कधी सोडले जाते त्यावर ठरणारी. ज्यांची शेते बुडाली त्यांच्यापैकी काहींना आपल्याच जुन्या मातीवर काही महिन्यांपुरते उभे राहण्याची संधी या पट्ट्यावर मिळते. ज्वारीच्या शिफारशीच्या तक्त्यात हलकी, मध्यम आणि भारी असे तीन रकाने आहेत. गाळपेरीचा चौथा रकाना त्यात नाही.